ठमाईची भेसळ

नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. फार फार वर्षांपूर्वीची. सांगवण गावाच्या धारेवर ठमाई नावाची बाई नाव चालवायची. नवरा गेलेला, मूलबाळ नव्हतं. नाव तेवढी तिची होती.

एका श्रावणात असा पूर आला की खालची वाडी अख्खी पाण्यात गेली. ठमाईनं अकरा खेपा केल्या आणि वाडीतलं शेवटचं माणूसही टेकडीवर आणून सोडलं. वरून पाऊस, चहूकडे पाणी. ज्याच्या त्याच्याजवळ घरातून उचललेली पिठाची पुरचुंडी होती, पण पेटेल असं सरपण कुठंच नव्हतं. तेव्हा ठमाईनं कुऱ्हाड मागून घेतली आणि स्वतःची नाव फोडली. वर्षानुवर्षं तेल पाजलेल्या त्या फळ्या भर पावसात पेटल्या, असं म्हणतात.

फळ्या एका चुलीपुरत्याच होत्या. म्हणून तिनं एकच हंडा चढवला आणि सगळ्यांकडून मूठमूठ पीठ मागितलं. ज्वारी, नाचणी, कुळीथ, तांदूळ, जे आलं ते उकळत्या पाण्यात वैरलं. त्यात टेकडीवरच्या टाकळ्याचा पाला आणि मीठ.

वाडीचे मानकरी बाबाजी देसले आपली पुरचुंडी घट्ट धरून लांब बसले. कुणाकुणाच्या घरचं पीठ एकत्र शिजलेलं आपल्या घरात कुणी खाणार नाही, असं त्यांनी बजावलं. म्हणाले, "हे अन्न नव्हे, भेसळ आहे."

ठमाई म्हणाली, "भेसळ तर भेसळ. गरम आहे तोवर खा."

तिसऱ्या दिवशी त्यांच्या बाळंतीण सुनेचं दूध आटलं. बाळ रडायचंही थांबलं.  तेव्हा बाबाजी उठले, पुरचुंडी हंड्यात रिकामी केली आणि सुनेसाठी पान पुढे धरलं.

"ठमाबाई, थोडी भेसळ वाढा."

त्यानंतर हंड्याचा तळ कुणाला दिसला नाही, असं म्हणतात. फळ्या नऊ दिवस जळल्या तरी सरल्या नाहीत, असंही म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. बाळ जगलं. देसल्यांची आजची सगळी घरं त्याचीच.

जी शिवी होती, ती पदार्थाचं नाव झाली. पुढे त्या नावाचा अर्थही पालटला. दरवर्षी गावाची भेसळ शिजते, त्या हंड्यात नवी सून माहेरचं मूठभर पीठ घालते तेव्हा बायका म्हणतात, "भेसळीत आली हो." म्हणजे आपली झाली. परगावचे पाहुणे हे ऐकून दचकतात.

आता पूल झाला, दळायची दगडी जाती गेली, पीठ गिरणीतून येतं. पूर्वीची धुरकट चव राहिली नाही, असं म्हातारी माणसं दरवर्षी म्हणतात आणि दोनदा वाढून घेतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात अजून एकच चूल पेटते. सुरतेला, नाशकाला गेलेल्यांना येणं जमलं नाही, तर एसटीतून त्यांची पिठाची पुडी येते. पुडी सोडताना पीठ वैरणारी बाई त्या घराचं नाव मोठ्यानं घेते.

ठमाईच्या मागे कुणीच नव्हतं. म्हणून शेवटची मूठ तिच्या नावाची असते, आणि ती सगळं गाव घालतं.