वजिराचा ससाणा

समरान नावाच्या छोट्याशा अमिरातीत तेल आटत चाललं, तेव्हा अमिरांनी परदेशी उद्योजकांना बोलावणं धाडलं. कायदा मात्र वजीर फव्वाजनं लिहिला: पैसा हवा तेवढा आणा, पण नफ्यातला एक दिरहमही देशाबाहेर न्यायचा नाही. मग कोण थांबतंय? पाहुणे यायचे, कहवा प्यायचे आणि विमान गाठायचे.

"परदेशी लोकच भित्रे!" वजीर अमिरांना सांगायचा.

एकदा चिपळूणच्या रुकय्या परकार मासळीसाठी शीतगृह काढायला आल्या. त्यांनी कायद्याचा विषय काढताच वजीर गुरगुरला, "मोकळीक दिली तर पैसा पळून जाईल, बाई!"

दुसऱ्या दिवशी अमीर सगळ्यांना शिकारीला घेऊन गेले. वजिराचा ससाणा मुलखात नावाजलेला. "मी उडवू का?" म्हणत रुकय्याबाईंनी हातमोजा चढवला, ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली, पण पायातली चामड्याची वादी काही सोडली नाही. समोरून ससा निघाला. ससाणा झेपावला आणि बाईंच्या हाताला उलटा लटकून फडफडू लागला.

"वादी सोडा हो!" वजीर ओरडला. "बांधलेला पक्षी कधी शिकार करतो का?"

"पण पळून गेला तर?"

"कशाला पळेल? इथं पोटभर मांस मिळतं त्याला. फिरून इथंच येतो!"

"पक्ष्यावर एवढा भरवसा," बाई म्हणाल्या, "मग माझ्या पैशाच्याच पायात वादी का, वजीरसाहेब?"

अमिरांना हसू आवरेना. "फव्वाज, आधी त्या बिचाऱ्या ससाण्याला सोडव. मग घरी जाऊन कायद्याची वादीही सोड."