एकाच करंगळीचे पाच पूर्वज

एकदा एका वृद्ध कलावंतांना विलायतेहून बोलावणं आलं. जुन्या, काळवंडलेल्या तसबिरी साफ करून पूर्ववत करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिथे एका खेड्याबाहेर उमराव घराण्याची प्रशस्त हवेली होती. हवेलीत एक वृद्ध विधवा बाई एकट्याच राहत. लांबलचक दालनाच्या भिंतीवर त्यांच्या सासरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तसबिरी टांगलेल्या होत्या. रोज सकाळी मोठ्या जिन्याने उतरून बाई त्या दालनातून न्याहारीला जात, आणि जाता जाता एकेकाचं नाव घेऊन 'सुप्रभात' म्हणत. एकट्या माणसाला बोलायला कोणीतरी लागतंच.

कलावंतांबरोबर त्यांचा शिष्य होता. पोरगा हुशार, नजर तीक्ष्ण आणि जीभ त्याहून तीक्ष्ण. पहिल्या दिवशी जेवताना बाईंनी सहज विचारलं, "तुमच्या घराण्याविषयी सांगा ना काही." तर हे चिरंजीव म्हणतात कसे, "आमचे पणजोबा सरदार होते. पदरी घोडदळ होतं त्यांच्या." वास्तविक त्याचे वडील मिरजेच्या बाजारात रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करीत. गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं, कारण त्या गृहस्थांनीच मुलाला हाताला धरून त्यांच्याकडे आणून सोडलं होतं. गुरुजी पुढ्यातलं सूप पीत राहिले.

काम सुरू झालं. वरचं जुनं पिवळं रोगण निघू लागलं, तसे सगळ्यांत जुन्या पाच तसबिरींतले हात स्पष्ट दिसू लागले. पाची उमराव वेगवेगळ्या पिढ्यांतले म्हणून टांगलेले, पण पाचांचीही डाव्या हाताची करंगळी अगदी सारखीच वाकडी. शिष्याने कापड पाहिलं, रंग पाहिले आणि ओळखलं. कोण्या एका चित्रकाराने एकाच माणसाला समोर बसवून, दाढ्या आणि कपडे बदलून, हे पाच पूर्वज तयार केले होते. घराणं नवं, पैसा नवा. मग जुनेपणा आणायचा कुठून? तो असा करवून घेतलेला.

त्याने गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर ओळखलंस. वेळ पाहून बाईंना एकांतात सांगू."

पण चिरंजीवांना दम कुठला? त्याच आठवड्यात गावातली चार प्रतिष्ठित मंडळी बाईंकडे चहाला आली. कोणीतरी कौतुकाने त्या पाच तसबिरींपुढे उभं राहिलं, आणि हा पुढे सरसावला. करंगळ्या दाखवल्या, दाढ्यांची गंमत सांगितली. शेवटी म्हणाला, "या घरात पूर्वज जन्माला आले नाहीत, शिंप्याकडच्या कपड्यांसारखे मापाने आले." आणि स्वतःच मोठ्याने हसला. मंडळींनीही कपाआड तोंडं लपवून हसून घेतलं. बाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई मोठ्या जिन्याने उतरेनात. नोकरांसाठी मागे एक अरुंद जिना होता, त्या जिन्याने भिंत धरत धरत जाऊ लागल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, पण दालनात पाऊल टाकीनात. शिष्याने ते पाहिलं. त्याला अवघडल्यासारखं झालं, पण मनात म्हणाला, खरं तेच तर बोललो. खरं बोलण्याची एवढी घाई आपल्याला दुसऱ्याच्याच घरी का होते, देव जाणे.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी एक कोरं कापड चौकटीवर ताणलं, त्या पाच तसबिरींसमोर आणून उभं केलं आणि शिष्याच्या हाती कुंचला दिला.

"तुझे पणजोबा रंगव," ते म्हणाले. "सरदार होते ना, तेच. बाईंना भेट देऊ."

शिष्याचा चेहरा उतरला. पण नाही म्हणायचं तर मुळापासूनच सगळं कबूल करावं लागलं असतं. तो मुकाट्याने कामाला लागला. मोत्यांचं पागोटं रंगवलं, कानात भिकबाळी काढली, कमरेला तलवार लटकवली. सगळं झालं आणि चेहऱ्यापाशी हात अडला. पणजोबांचा चेहरा त्याने पाहिलाच कुठे होता? आठवू म्हटलं तरी दुसरा चेहराच आठवेना. शेवटी कुंचला आपसूक वळला तो वडिलांकडे. तेच बसकं नाक, तेच खोल गेलेले गाल आणि स्टोव्हचा भडका उडून कायमची जळलेली डावी भुवई. मोत्यांच्या पागोट्याखालून बाप त्याच्याकडे पाहू लागला, परक्याच्या कपड्यांत अवघडून उभा राहिल्यासारखा. शिष्य मटकन खाली बसला आणि रडू लागला.

गुरुजी शेजारी टेकले. म्हणाले, "खोटा पूर्वज तू इतक्या लवकर कसा ओळखलास, विचार केलास कधी? तो कसा घडवतात हे तुला आतून माहीत होतं. माणूस नेहमी लोभानेच खोटं बोलतो असं नाही रे. पुष्कळदा लाजेने बोलतो. या घराला आपल्या मुळाची लाज वाटली, तुला तुझ्या बापाची वाटली. लाज एकच. मग त्यांची चव्हाट्यावर मांडलीस आणि स्वतःची झाकून ठेवलीस, हा न्याय कुठला? खरं बोलायचा अधिकार तुला जरूर आहे. पण सुरुवात आपल्या घरापासून करायची असते."

शिष्य उठला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही. मागच्या जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. बाई उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर त्याने त्यांना हात दिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, माझे पणजोबा सरदार नव्हते. ते कोण होते हे मला माहीत नाही. माझे वडील बाजारात बसून स्टोव्ह दुरुस्त करतात. मला सांगायची लाज वाटली."

बाई मग म्हणाल्या, "ते पाचजण आमचे नव्हेत, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच मला सासूबाईंनी सांगितलं होतं. तुम्ही खरं बोललात, त्याचं मला दुःख नाही. बोलताना तुम्ही हसलात."

त्याची मान वर होईना.

"नाव काय तुमच्या वडिलांचं?" बाईंनी विचारलं.

त्याने सांगितलं, पण आवाज इतका खोल गेला होता की त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"म्हादबा," तो म्हणाला. या वेळी त्याला ते मोठ्याने म्हणावं लागलं.