घोड्यावरचा राजा

फार फार पूर्वी एका राज्यात गंजिफा खेळायचं वेड होतं. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. राजाला तर त्यापुढे जेवण सुचत नसे. पण राजा भारी तापट. खेळात कुणी लबाडी केली, की त्याची बोटं छाटायची, असा त्याचा हुकूम होता. हसत हसत करायचा हो हे सगळं!

हे पत्ते रंगवायला शिकवणारी एक रंगशाळा होती. तिथे एक रीत होती. पत्त्यांवर लाखेचा चकचकीत थर चढवण्याआधी ते सोबत्यांनी खेळून पाहायचे आणि कुठे अडखळलो ते सांगायचं. ज्याने रंगवले त्याने तोंड मिटून ऐकायचं. कारण लाख चढेपर्यंत रंग ओल्या फडक्याने पुसता येतो. मग मात्र काही करता येत नाही.

त्या शाळेत सगुण नावाचा मुलगा होता. हात असा, की बघत राहावं. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. राजासाठी नवा संच करायचं काम त्याला मिळालं. संच पसंत पडला, तर तो दरबारचा चितारी होणार होता.

आता गंजिफात राजा सिंहासनावर असतो आणि प्रधान घोड्यावर. पण सगुणचा घोडा इतका देखणा उतरायचा, की त्याने राजालाही घोड्यावरच बसवलं. फरक काय तो मुकुटाचा, तोही तिळाएवढा.

सोबती खेळायला बसले. खेळून झाल्यावर सगुणचा जिवलग मित्र बाबल म्हणाला, "सगुण, घोडे झकास आहेत रे. पण राजा कुठला नि प्रधान कुठला, तेच कळत नाही. मी दोनदा फसलो."

"मीसुद्धा," दुसरा म्हणाला.

सगुणचं डोकंच फिरलं. रीतभात गेली उडत! "तुला साधी रेघ सरळ येत नाही, आणि मला शिकवतोस? माझं नाव होतंय म्हणून पोटात दुखतंय तुझ्या!"

बाबलचा चेहरा पडला. गुरुजी एवढंच म्हणाले, "पुसायचं की नाही, तू ठरव."

सगुणने त्याच दुपारी लाख चढवली.

दरबारात राजाने एकेक पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं. घोड्यांवर तो बेहद्द खूश झाला. "यात काही खोट?"

"एकही नाही, महाराज," सगुण म्हणाला. "सोबत्यांनी खेळून पाहिलाय. कुणाला काही सापडलं नाही."

खेळायला तिघे लागतात. राजा होता, सेनापती होता. तिसरा कोण? संच दाखवायला रंगशाळेतले सोबतीही आले होते. सगुणने त्यांतल्या बाबलला पुढे ढकललं. मनात म्हटलं, बसू दे याला आणि बघू दे माझं नाव कसं होतंय ते! बाबल नको नको म्हणत होता, पण राजासमोर कुणाचं चालतं?

डाव रंगला. बाबलने एक पान टाकलं, "राजा!" म्हणाला आणि जिंकलेली पानं उचलली. सेनापतीने ते पान डोळ्यांजवळ नेलं. तो प्रधान होता.

"लबाडी!" राजा ओरडला.

सगुण धावत जाऊन राजाच्या पाया पडला. "महाराज, चूक माझी आहे! पानं सारखीच दिसतात. यानेच मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही!"

राजा हसला. "मित्रासाठी खोटं बोलतोस? मघाशी तूच म्हणालास, कुणाला खोट सापडली नाही. आणि मी स्वतः पाहिलेत पत्ते. मी काय आंधळा आहे?"

सगुण रडला, डोकं आपटलं. काही उपयोग झाला नाही. संध्याकाळच्या आत बाबलच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. सगुणला दरबारची शाल मिळाली. ती नाकारायचीही सोय नव्हती.

जखमा भरू लागल्यावर सगुण बाबलच्या घरी गेला. बाबल ओसरीवर बसला होता, हात फडक्यात गुंडाळलेला. सगुण हुंदके देत म्हणाला, "बाबल, मला शिव्या दे, मार. पण काहीतरी बोल रे!"

बाबलने त्याच्याकडे पाहिलं.

"बोललो होतो की," तो म्हणाला आणि उठून घरात गेला.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: सोबत्याने दाखवलेली चूक कडू लागली तरी वेळेवर ऐकावी. न ऐकल्याचं मोल कधी कधी सांगणाऱ्यालाच भरावं लागतं.