तांबट आळीतली वामकुक्षी

त्र्यंबकशेठ भर जेवणाच्या वेळी तांबट आळीत आले. आळी शांत होती.

"सराफ पेठेत तीन खणांच्या घराला बारा रुपये भाडं पडतं," ते आपल्या भाडेकरू शेवंताबाईला म्हणाले. "तुझंही घर तीनच खणांचं. उद्यापासून सहाचे बारा, नाहीतर घर सोड."

पत्रावळी लावून तिनं बारा कुठून आणायचे? मग एकदम तिचे डोळे चमकले.

"कबूल, शेठजी. पण आजची वामकुक्षी इथंच घ्या. डोळा लागला, तर बारा. नाही लागला, तर सहाच."

शेठ तर विडा चघळता चघळता घोरणारे. ते हसत चटईवर आडवे झाले. शेजारणी दाराशी गोळा झाल्या.

तेवढ्यात तांबटांची जेवणं उरकली आणि वीस हातोडे एकदम हंड्यांवर पडू लागले. शेठनी कूस बदलली, कानांत बोटं घातली, डोक्याला उपरणं गुंडाळलं. अखेर ताडकन उठून बसले.

"अगं, इथं माणूस झोपणार कसा?"

शेवंताबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "म्हणूनच घराचे सहा देते, शेठजी. वरचे सहा सराफ पेठेतल्या झोपेचे. ती इथं मिळायला लागली, की तेही देईन."