कोण धुळबा?

हिरडवाडीला सडक नव्हती आणि वरच्या रानात वाघ होता, त्या काळातली ही गोष्ट. हसायचं तर हसा, पण खोटी म्हणू नका.

वाडीतला हैबती साप धरायचा. काठी नाही, चिमटा नाही. बिळापाशी उकिडवा बसायचा आणि सापाशी बोलायचा, ‘‘या पाव्हणं, लई दिस ऱ्हायलात, आता रानात चला.’’ आवाज ओळखून साप आपणहून त्याच्या हातात यायचा, असं म्हणतात.

त्याची बायको ठकू. तिला सापाची भीती कधी वाटली नाही. भीती होती ती केशरबाईची. ओढ्याच्या खालच्या अंगाला केशरबाईचा पानमळा होता. ती एकटी बाई मळा राखायची. वेलींच्या गारव्याला साप यायचे, म्हणून हैबतीला तिथून सारखं बोलावणं यायचं आणि घरी येताना त्याचे ओठ लाल असायचे. ठकू त्या ओठांकडे बघत भाकरी थापायची. भाकरी करपायची आणि करपलेली नेमकी त्याच्याच ताटात पडायची. केशरबाई हसली की गालाला खळी पडायची. ती खळी ठकूला आपल्या चुलीपाशी बसूनही दिसायची, असं म्हणतात.

एके दिवशी मळ्यावरचा गडी रावबा धापा टाकत आला. साप चावला असं तोंडानं म्हणू नये, म्हणून माणसं तेव्हा ‘पान लागलं’ म्हणत. रावबाही तसंच म्हणाला, ‘‘वहिनी, मळ्यात हैबतीदाला पान लागलं!’’

साप धरणाऱ्याची बायको ती, तिला हे कळायला हवं होतं. पण तिचं मन त्या लाल ओठांत अडकलेलं. जात्यावरून न उठता ती म्हणाली, ‘‘लागू दे की. कात जरा जास्त घाल म्हणावं तिला.’’

रावबा ओरडला, ‘‘अवो वहिनी, नागाचं!’’

ठकू पळाली. वाटेतल्या ओढ्याचं पाणी तिच्या पायाला लागलंच नाही, असं म्हणतात.

झालं होतं असं, की केशरबाईनं दिलेलं पान तोंडात असल्यानं हैबतीला त्या दिवशी बोलता आलं नाही. नुसतं ‘हूं हूं’ केलं. नागाला वाटलं, कुणी परका आला.

हैबती मळ्यातल्या घराच्या ओसरीवर पडला होता. पापण्या ओघळत होत्या आणि डोकं केशरबाईच्या मांडीवर होतं.

‘‘माझा माणूस तुझ्या मांडीवर मरायचा न्हाई,’’ ठकू म्हणाली. त्याला पाठुंगळी मारून ती चढ चढू लागली.

नाग डसलेला निजला की गेला, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं भांडण काढलं.

‘‘तिच्या हातचं पान ग्वाड लागतं?’’

‘‘लागतं,’’ हैबती पुटपुटला. विष चढलेल्या माणसाला खोटं सुचत नाही.

‘‘आन् माझ्या हातचं?’’

‘‘तू... कवा दिलंस?’’

मग ठकूनं जे तोंड सोडलं, त्यानं मळ्यातल्या हिरव्या वेली पिवळ्या पडल्या. पुढं काय होतं ते ऐकायला मावळता सूर्य डोंगरावर थबकला, असं म्हणतात.

पण निम्म्या चढावर हैबती गप्प झाला. ठकूनं शिव्या दिल्या, चिमटे काढले. मान तशीच लोंबत राहिली. तेव्हा ती रडणं गिळून म्हणाली, ‘‘बरं, निजा तुमी. मी त्या धुळबाशी पाट लावते.’’

पाठीवर हालचाल झाली.

‘‘कोण... धुळबा?’’

‘‘हाय एक. तुमच्यापरीस उंच.’’

‘‘कुठला?’’

‘‘घोडं हाय त्याच्याकडं. मिशा अशा, की लिंबू ठरावं.’’

‘‘तुला कुठं... भेटला?’’

घर येईतो हैबती विचारत राहिला आणि ठकू सांगत राहिली. जळफळाटानं त्याला दरदरून घाम फुटला आणि त्या घामावाटे विष उतरलं, असं म्हणतात.

हैबती जगला. पुढं म्हातारपणीही बाजारात कुणी उंच माणूस दिसला, की तो वळून त्याच्या मिशा बघायचा. ठकूनं त्याला खरं कधीच सांगितलं नाही.

आता सडक झाली आहे. कुणाला साप चावला, की हिरडवाडीची माणसं त्याला लगेच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेतात. बायको शेजारी बसते आणि वाटभर धुळबाचं नाव घेते. बाईला चावला, तर नवरा धुळबाच्या बहिणीचं घेतो. पुढं बसलेला ड्रायव्हर मागून ‘कोण?’ ऐकू येईपर्यंत श्वास रोखून गाडी हाकतो.

आणि हिरडवाडीत आजवर एकाही पोराचं नाव धुळबा ठेवलेलं नाही. ते नाव सगळ्या वाडीनं मोकळं राखलं आहे.