सगळ्या दरबाराला बसेल अशी खुर्ची

"एकच खुर्ची करून आणा! माझ्या दरबारातला कुणीही बसला, तरी त्याला तिच्यात खोट काढता येता कामा नये. एकाने जरी काढली, तरी सुतारआळी रिकामी!"

सागवाडीच्या धैर्यसिंह राजांनी हा हुकूम सोडला आणि आळीच्या तोंडचं पाणी पळालं. राजांना हत्तीखान्यासाठी आळीची जागा हवी होती. पण दारातच पाट, पाळणे, पलंग घडवून तिथेच विकणारी माणसं उगाच उठवली तर गावभर बोभाटा होईल, म्हणून हे निमित्त!

"सेनापती धिप्पाड, खजिनदार पाप्याचं पितर! दोघांना एकच खुर्ची बसायची कशी?" धोंडूमेस्त्रींनी कपाळाला हात लावला.

"मी करते," बयजा म्हणाली. नवरा गेल्यापासून रंधाही तिच्याच हातात होता आणि दुकानही.

"अगं, तू काय करणार?"

"खुर्ची! दुसरं काय?"

आळीत मापं कुणी लिहून ठेवत नसे. घडवलेल्या प्रत्येक वस्तूची गाठी मारलेली दोरी खुंटीला टांगलेली असायची. बयजाने सासऱ्यांच्या खुंटीवरची एक धुळकट दोरी झटकली आणि कामाला लागली. दुकान गेलं तर पोरांना घेऊन जायचं कुठे, या विचाराने ती रात्रीही रंधा खाली ठेवत नव्हती.

खुर्ची दरबारात आली. राजांच्या मनातलं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

सेनापती बसले. "छे! हात अडकतात!"

खजिनदार बसले. "माझे पाय लोंबकळतात!"

राजपुरोहित तर बसता बसताच उठले. "पाठ टोचते हो!"

"झालं! आळी रिकामी!" राजे मिशीतल्या मिशीत हसले.

"आम्ही रिकामी करतो, महाराज," बयजा पुढे झाली. "फक्त ही दोरी लावून बघते. जरा उठता का?"

राजे उठले. बयजाने सिंहासनावरची मखमल दूर सारली आणि दोरी लावली. मग तीच दोरी खुर्चीला लावली. गाठीला गाठ जुळली!

"सिंहासन माझ्या सासऱ्यांनी घडवलं, तेव्हाची ही दोरी. खुर्ची त्याच मापाची, त्याच घडणीची. हं, सेनापती, कुठे अडकतं म्हणालात?"

"अडकतं? छे छे! चांगली ऐसपैस आहे!"

"आणि खजिनदारसाहेब, पाय?"

"ते... मघाशी मीच वर उचलले होते!"

"मला जरा गुदगुल्या झाल्या, एवढंच," पुरोहित पुटपुटले.

"शब्द फिरवू नका!" राजे कडाडले. "खोट निघाली म्हणजे निघाली!"

"बरं तर," बयजाने हात जोडले. "आळी आम्ही आजच रिकामी करतो. पण माप तेच, घडण तीच, म्हणजे खोटही तीच. मग महाराज, सिंहासन कधी रिकामं करताय?"

राजे सिंहासनावर टेकले, पुन्हा उठले, पाठ चोळली, आणि एकदम खो-खो हसत सुटले.

"इतकी वर्षं पाठ धरतेय, आणि मी समजत होतो, राज्याचा भार आहे! बयजाबाई, हत्तीखाना नदीपलीकडे. आळी कायमची तुमची. आणि मला नवं सिंहासन तूच कर, मागशील ते देईन!"

"आणि या तिघांना खुर्च्या, महाराज?"

"छे! यांना उभंच राहू दे!"