पुढचं न सांगणारी शेळी

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याला गुरांच्या वैद्यांची पाठशाळा होती. चार बुकं शिकलेली पोरं लांबलांबून तिथं आणखी शिकायला यायची.

तिथली रीत अशी, की पोथी सगळ्यांनी मिळून एका सुरात घोकायची. एकाला आठवलं नाही की शेजारचा ओढून न्यायचा, शेजारचा अडला की त्याच्या पलीकडचा. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, काय विद्या आहे! विद्या कसली, ढकलगाडी होती ती.

त्यांत एक माळावरची पोर होती. तिच्या गावात जनावर आजारी पडलं की रडण्यापलीकडं इलाज नव्हता, म्हणून गावानं तिला धाडलेलं. घोकताना तिचा आवाज सगळ्यांत मोठा. पण परीक्षेला एकटीला उभं केलं, तर तोंडातून शब्द फुटेना.

गुरुजी म्हणाले, "पोरी, पुढच्या परीक्षेला पुन्हा हेच झालं, तर गाठोडं बांधायचं."

पोर रडत बसली नाही. तिनं घोकणं सोडलं. पोथी वाचायची, मिटायची आणि पाठशाळेच्या शेळ्या घेऊन टेकाडावर जायची. तिथं एका काळ्या शेळीपुढं बसून विचारायची, "गाईचं पोट फुगलं तर काय करायचं गं?" आणि उत्तर आपणच द्यायची, आपल्या शब्दांत. अडली तर डोकं खाजवायची. तरी नाही आठवलं, तरच पोथी उघडायची. दुसऱ्या दिवशी आधी कालचं, मग आजचं. मधेच एखाद्या दिवशी महिन्यामागचं उकरून काढायची. प्रश्नही उलटेसुलटे, शेवटचा आधी, मधला नंतर.

पाठशाळेत हुशार म्हणून मिरवणारा एक जण होता. महत्त्वाच्या ओळींवर तो कुंकवाचं बोट ओढायचा. ओढता ओढता त्याची सगळी पोथीच लाल झाली होती. तो हसून म्हणाला, "काय गं, शेळ्यांना वैद्य करतेस का?"

"शेळी बरी," पोर म्हणाली. "ती मला पुढचं सांगत नाही."

परीक्षेचा दिवस उजाडला. गुरुजी आसनावर टेकतात न टेकतात, तोच त्यांची लाडकी गाय झोकांड्या खात अंगणात आली. हरभऱ्याचा ओला पाला हादडून पोटाचा नगारा झालेला.

गुरुजी म्हणाले, "हीच परीक्षा. सांगा उपाय!"

हुशार उठला. डोळे मिटून सुरू झाला, "प्रथम वंदन गोमातेला, मग ऐका शिंगांचे प्रकार..."

"अरे, फुगीचं सांग, फुगीचं!"

"मधूनच कसं सांगू गुरुजी? पहिल्यापासून म्हटल्याशिवाय येत नाही!"

तो शिंगांवरून शेपटीवर येईतो गाय गुडघ्यांवर आली. बाकीची पोरं मदतीला धावली, तर तीही शिंगांपासूनच सुरू!

गुरुजी न राहवून उठले, पण त्याआधीच पोर पुढं झाली होती.

"बघता काय? उठवा तिला! पुढचे पाय चढावर घ्या. काठी आणा!"

तिनं काठी गाईच्या तोंडात आडवी बांधली. गाय ती चघळायला लागली. पोर डावी कूस चोळत राहिली.

आणि गाईनं ढेकर दिला! असा दिला, की हुशाराच्या हातातली लाल पोथी गळून पडली. मागोमाग दुसरा, मग तिसरा. नगारा उतरला, गाय शेपटी उडवत उभी राहिली, आणि सगळी पाठशाळा पहिल्यांदाच न घोकता एका सुरात ओरडली.

गुरुजींनी आपला औषधांचा बटवा काढून पोरीच्या हातात ठेवला.

"आता गाठोडं बांध, पोरी."

पोर दचकली. "का गुरुजी? काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. गावाकडची जनावरं वैद्याची वाट बघतायत."

पोर वाजतगाजत गावी गेली. आणि दुसऱ्या दिवशी टेकाडावर काळ्या शेळीपुढं पोरांची रांग लागली. सगळ्यांत पुढं कोण? हुशार!

तात्पर्य: उघड्या पोथीतलं सगळ्यांनाच येतं. पोथी मिटून, एकट्यानं, मधूनच विचारलेलं सांगता आलं, तर ते तुमचं. बाकी सगळं शेजाऱ्याचं.